पराभवाचा सत्कार नको, पराभवाचा हिशोब हवा



जून महिन्यात नागपूरला आमच्या वस्तीतल्या चौकात एक फ्लेक्स लागला. निळी पार्श्वभूमी, एका कोपऱ्यात तथागत, दुसऱ्या कोपऱ्यात बाबासाहेब, मधे सात मुलामुलींचे फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'राज्यस्तरीय रोबोटिक्स स्पर्धेत घवघवीत यश मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्याखाली अठरा शुभेच्छुकांचे चेहरे. सात विजेते आणि अठरा शुभेच्छुक हे प्रमाण आपल्याकडे कुणाला खटकत नाही. आम्हालाही त्या दिवशी खटकलं नाही.

खटकलं ते वेगळंच. स्पर्धा राज्यस्तरीय नव्हतीच. पुण्याजवळच्या एका शाळेने सुट्टीत भरवलेली ती ऑफ-सीझन स्पर्धा होती, म्हणजे मुख्य हंगामाबाहेरची, सरावाची. आणि यश म्हणाल तर २४ संघांत आमचा क्रमांक २२ वा. पाच सामने खेळलो, चार हरलो. जो एक जिंकलो त्यात आमच्या रोबोटचे गुण तीन. बाकी सगळे जोडीला आलेल्या दुसऱ्या संघाचे.

तिसऱ्या दिवशी आमच्या संघाची ड्रायव्हर, नववीतली मुलगी, अभ्यासिकेत आली. (मुलं अल्पवयीन आहेत, म्हणून इथे कुणाचंही नाव देत नाही.) म्हणाली, "दादा, तो बॅनर उतरवा ना. आम्ही हरलो हे आम्हाले माहीत आहे, शाळेतल्या पोट्ट्यायले माहीत आहे. मग हा कोणासाठी लावला?"

त्या प्रश्नावरून विहार समितीच्या बैठकीत दीड तास वाद झाला. काही जुने कार्यकर्ते अजूनही आमच्यावर नाराज आहेत. नाराजी ओढवून घेऊनही हा लेख लिहितो आहोत, कारण प्रश्न एका रोबोटचा आणि एका फ्लेक्सचा उरलेला नाही. आपल्या चळवळीला हरणं सांगता येतं की नाही, असा तो आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. डीन केमन या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली 'फर्स्ट' नावाची संस्था काढली. तिच्या शालेय स्पर्धांपैकी 'फर्स्ट टेक चॅलेंज' भारतातही होते. बारा फूट लांब, बारा फूट रुंद मैदान. दोन संघ एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, आणि जोडी प्रत्येक सामन्यात बदलते. रोबोट सुरुवातीला लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही बाजूंनी अठरा इंचांत मावला पाहिजे. सामना अडीच मिनिटांचा. पहिली तीस सेकंदं रोबोटने स्वतःच, आधी लिहिलेल्या कोडवर चालायचं, कुणी हात लावायचा नाही. नंतरची दोन मिनिटं मुलं गेमपॅड घेऊन तो चालवतात. २०२४-२५ च्या हंगामाच्या खेळाचं नाव होतं 'इन टू द डीप'. मैदानातले प्लॅस्टिकचे लांबट ठोकळे उचलून टोपलीत टाकायचे. उंच टोपलीत टाकला तर आठ गुण, खालच्या टोपलीत चार. आणि शेवटी रोबोट ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला तर तीन. आमचे ते तीन गुण हेच. गाडी नीट पार्क केल्याचे.

ऑफ-सीझन स्पर्धा अशासाठी असते की हंगामात जे तुटणार आहे ते आधीच तुटावं. जुनाच खेळ, नवे ड्रायव्हर, नवा कोड, अर्धवट यंत्रणा. इथल्या निकालावरून कुणी पुढच्या फेरीत जात नाही. म्हणजे जी स्पर्धा मुळात चुका करण्यासाठीच भरवतात, तिच्यावर आम्ही 'घवघवीत यश' छापलं!

आमचा संघ कसा उभा राहिला ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथे एमपीएससीची, पोलीस भरतीची मुलं बसतात. दोन वर्षांपूर्वी रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका तिथे आठवी-नववीच्या मुलांना पाना कसा धरायचा, वायर कशी सोलायची, सोल्डरिंग कसं करायचं हे शिकवू लागले. त्यातून हे खूळ निघालं. जयंतीच्या वर्गणीतली शिल्लक, काकांनी घातलेले पैसे, दोन शिक्षकांनी दिलेला एकेक महिन्याचा घरभाडे भत्ता असं करत साधारण सव्वा लाख जमले. त्यात मोटरी, कंट्रोलर, पट्ट्या, स्क्रू आले. सरावाचं मैदान आलं नाही. मुलांनी विहाराच्या शहाबादी फरशीवर खडूने चौकोन आखला आणि टोपलीच्या जागी दोरीने बादली टांगली.

आता त्या दिवसाकडे येऊ.

रात्रीच्या गाडीने सकाळी पोचलो. पहिलं काम तपासणी. आमचा रोबोट मापाच्या चौकटीत बसेना. एका केबल टायचं शेपूट अर्धा इंच बाहेर आलेलं. ते कापलं. मग बॅटरी पट्ट्याने बांधलेली नाही, म्हणून परत पाठवलं. मग एका पट्टीची धार हाताला लागते, म्हणून परत. या सगळ्यात सव्वा तास गेला आणि सरावाच्या मैदानावर मिळणारी आमची वेळ निघून गेली. तपासणीत काय काय बघतात याची यादी आधीच जाहीर असते. आम्ही ती वाचली नव्हती.

पहिल्या सामन्यात स्वयंचलित तीस सेकंदं सुरू झाली आणि रोबोट वाकडा जाऊन भिंतीला भिडला. तिथेच चाकं गरागरा फिरवत राहिला. कोडमध्ये लिहिलं होतं, 'दीड सेकंद पुढे चाल'. शहाबादी फरशीवर दीड सेकंदात तो बरोबर चार फूट जायचा. पण स्पर्धेचं मैदान मऊ फोमच्या चटयांचं, आणि बॅटरी त्या वेळी काठोकाठ भरलेली. दुसऱ्या सामन्यात तीच बॅटरी उतरलेली होती, तर रोबोट अर्ध्या वाटेत थांबला. वेळ तीच, अंतर वेगळं. शेजारच्या टेबलावरच्या संघातला एक मुलगा हे बघत होता. तो आमच्या कोड लिहिणाऱ्या पोराला म्हणाला, "तुम्ही एन्कोडर का नाही वापरत?"

एन्कोडर म्हणजे मोटरच्या मागे बसवलेला मोजणारा भाग. मोटर किती फिरली ते तो सांगतो. मग 'दीड सेकंद चाल' असं न लिहिता 'चाक इतके फेरे फिरेपर्यंत चाल' असं लिहिता येतं. बॅटरी भरलेली असो की उतरलेली, अंतर जवळपास तेच राहतं. आमच्या चारही मोटरींना एन्कोडर होता. त्याच्या वायरी नागपूरला, खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीतही न उघडलेल्या पडल्या होत्या. त्या मुलाने आपल्या डब्यातून एक वायर काढून दिली. एकीने काम भागणार नव्हतं, पण दिली.

तिसऱ्या सामन्यात बॅटरीची पिन ढिली झाली आणि रोबोट मैदानाच्या मधोमध झोपला. चौथा सामना आम्ही जिंकलेला, त्याविषयी वर सांगितलंच आहे. पाचव्यात हात वर नेणारी दोरी रिळावरून घसरली आणि गुंता झाला.

हे सगळं एकवेळ सोसलं असतं. सोसवलं नाही ते परीक्षकांच्या टेबलावर घडलं. तिथे मुलांनी आपला रोबोट समजावून सांगायचा असतो. सोबत वही असते, काय केलं, का केलं, काय फसलं याची. आमची वही नव्हती. एका परीक्षकाने आमच्या पोराला विचारलं, "पकडण्यासाठी हाच पंजा का निवडला?" मराठीत विचारलं, आपुलकीने विचारलं. आता या पोराने तीन आठवडे घालवून तीन पंजे केले होते. पहिला पीव्हीसी पाइप कापून, तो निसटायचा. दुसरा आईच्या सांडशीवरून, त्याने ठोकळा पकडला पण सुटेना. तिसरा दोन्हींतलं शिकून, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवून. आणि तो परीक्षकाला काय म्हणाला?

"असंच."

तीन आठवड्यांच्या कामाचं 'असंच' झालं. परतीच्या गाडीत आम्ही त्याला विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाला, "दोन फसले होते ना दादा. फसलेलं कसं सांगायचं?"

त्याने कुठे शिकलं हे? आमच्या शाळांत शिकलं. चूक झाली की पट्टी, चूक झाली की 'तुमच्याकडून हेच होणार'. ज्या मुलाच्या प्रत्येक चुकीचा संबंध त्याच्या आडनावाशी जोडला जातो, तो चुका लपवायला शिकतो. ही त्याच्या डोक्याची कमतरता नाही, ही त्याची जगण्याची रीत आहे. पण तंत्रज्ञानाच्या जगात हीच रीत त्याचा घात करते, कारण तिथे फसलेला पहिला पंजा हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो.

त्याच दिवशीचा आणखी एक प्रसंग. दुपारी जेवणाच्या रांगेत एका बाईंनी, त्या कुठल्यातरी संघाच्या पालक असाव्यात, आमच्या ड्रायव्हरला शाळा विचारली, मग आडनाव विचारलं, मग वस्ती. आणि मग गोड हसून म्हणाल्या, "वा! इथपर्यंत आलात हेच खूप आहे." मुलगी काही बोलली नाही. रात्री गाडीत म्हणाली, "इथपर्यंत आलात, असं त्या बाई बाकी कोणाले नाही म्हणाल्या."

हे वाक्य लक्षात ठेवा, त्यावर परत येणार आहोत.

गाडी सुटायच्या आतच आमच्या फोनवर प्रतिक्रिया यायला लागल्या होत्या. पहिली, "सगळे प्रस्थापितांचे अड्डे, मुद्दाम हरवलं असणार." दुसरी, "आपल्या पोरांनी यूपीएससी-एमपीएससी करावी, ही खेळणी श्रीमंतांना शोभतात." तिसरी प्रतिक्रिया म्हणजे तो फ्लेक्स. तिन्ही प्रतिक्रिया देणारे लोक आपलेच आहेत, रात्री-बेरात्री वस्तीसाठी धावणारे आहेत. तरी तिन्ही चुकीच्या आहेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

पहिलीचं बघू. आम्हाला कुणी मुद्दाम हरवलं नाही. बॅटरीची पिन आम्ही आवळली नव्हती. जिथे जात आहे तिथे जात म्हणायलाच हवं, आणि ती त्या दिवशीही होती, जेवणाच्या रांगेत होती. पण ढिल्या पिनेला जात म्हटलं, तर उद्या खरोखर जातीने मारलेली चपराक दाखवायला जाऊ तेव्हा आपलं कोण ऐकेल? आणि त्याहून वाईट म्हणजे पिन तशीच ढिली राहील.

परतल्यावर पहिल्या रविवारी मुलांना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे 'आपल्याला मिळालं नाही', उजवीकडे 'आपण केलं नाही'. डावीकडे भराभर लिहिलं गेलं. फोमच्या चटया नाहीत. सरावाला दुसरा रोबोट नाही. घरात कुणी इंजिनिअर नाही. सूचना इंग्रजीत. शाळेत लॅब नाही. या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबू. २०१६ साली केंद्र सरकारने अटल इनोव्हेशन मिशन आणलं. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांत अटल टिंकरिंग लॅब काढायच्या, प्रत्येक शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. देशात दहा हजारांवर शाळांना त्या मिळाल्या. पण अर्ज करायला शाळेकडे सपाट प्रदेशात दीड हजार चौरस फुटांची जागा दाखवावी लागते. आमच्या वस्तीतली मुलं ज्या शाळेत जातात तिथे दोन वर्ग एका खोलीत बसतात. म्हणजे जिच्याकडे जागा आहे तिला लॅब, जिच्याकडे जागाच नाही तिला काहीच नाही. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही बूर्दिअचं सांस्कृतिक भांडवल परीक्षेपुरतं वाचलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलांच्या डब्यात सुट्या वायरींचे दहा कप्पे पाहिले तेव्हा ते कळलं.

पण उजवी बाजूही भरली. तपासणीची यादी वाचली नाही. पिन आवळली नाही. दोरीला गाठ नीट नव्हती. वही लिहिली नाही. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नव्हता.

वाद झाला तो एन्कोडरच्या वायरींवरून. आम्ही म्हटलं, हे डावीकडे लिहा, एन्कोडर काय असतो हे वस्तीत कुणाला माहीत होतं? ड्रायव्हर म्हणाली, "दादा, पुस्तिका खोक्यातच होती. वाचली नाही." कोड लिहिणारा म्हणाला, "पुस्तिका इंग्रजी होती." ती म्हणाली, "चित्रं होती ना पण." अर्धा तास हे चाललं. शेवटी त्यांनी ती ओळ मधल्या रेघेवरून आरपार लिहिली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आमच्या पदवीपेक्षा त्या मुलांनी विषमतेची मांडणी जास्त प्रामाणिकपणे केली, असं आम्हाला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

आणि एक ओळ त्यांनी आमच्यासाठी लिहिली. जाण्याआधी आम्ही मोठ्यांनी वीस टी-शर्ट छापले. निळे, मागे अशोकचक्र, पुढे संघाचं नाव. ५,२०० रुपये. मुलं सात, शर्ट वीस, कारण सोबत जाणाऱ्या, निरोप द्यायला येणाऱ्या, फोटोत उभं राहणाऱ्या सगळ्यांना हवे होते. जवळपास तेवढ्याच पैशांत दुसरी बॅटरी आली असती. पाच सामने आम्ही एकाच बॅटरीवर खेळलो. फिटर काका तेव्हा बोलले होते, "शर्टाने मोटर फिरत नाही बाबू." आम्ही हसण्यावारी नेलं. ही चूक मुलांची नाही, गरिबीचीही नाही, जातीव्यवस्थेची तर नाहीच. ती आमची आहे.

आता फ्लेक्सकडे. २२ व्या क्रमांकाला 'घवघवीत यश' म्हणणं म्हणजे काय? म्हणजे 'तुम्ही इथपर्यंत आलात हेच खूप'. जेवणाच्या रांगेतल्या त्या बाईंचं वाक्य आणि आमच्या चौकातलं वाक्य एकच आहे. त्यांनी ते गोड हसून म्हटलं, आम्ही दहा बाय आठच्या फ्लेक्सवर छापलं. दोघांच्याही मनात या मुलांकडून अपेक्षा तेवढीच. त्यांचं वाक्य ऐकून आम्हाला संताप आला, आपलं वाचून छाती फुगली. हे समितीत बोललो तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठून गेले. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. पण उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

याच्या विरुद्ध एक गंभीर मुद्दा मांडला जातो आणि तो टाळून चालणार नाही. 'आपण आपलं हरणं चव्हाट्यावर मांडलं की विरोधक तेच उचलून म्हणणार, बघा, यांची लायकीच नाही.' ही भीती खोटी नाही. आरक्षणावरच्या प्रत्येक चर्चेत आपण ती अनुभवतो. पण तोडगा म्हणून पराभवच नाकारायचा ठरवला तर विरोधकांना काही फरक पडत नाही, निकालपत्रक त्यांच्याकडेही असतं. फरक पडतो तो त्या पोराला, जो आधीच 'फसलेलं कसं सांगायचं' म्हणतो आहे. शाळेने त्याला चूक लपवायला शिकवलं, आता चळवळही तेच शिकवणार?

काही मित्रांनी आम्हाला अमेरिकेतलं एक उदाहरण पाठवलं, 'हे बघा, गरीब पोरं एमआयटीला हरवतात, तुम्ही २२ वे कसे?' उदाहरण खरं आहे. ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात कार्ल हेडन नावाची शाळा, बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाची, गरीब घरांतली. तिथल्या चार मुलांनी, ज्यांच्याकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रंही नव्हती, सुमारे ८०० डॉलरमध्ये पीव्हीसी पाइपचा पाण्याखाली चालणारा रोबोट केला आणि २००४ साली सांता बार्बरा इथे झालेल्या पाणबुडी-रोबोटच्या स्पर्धेत महाविद्यालयांच्या गटात एमआयटीला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. त्यावर पुस्तक आलं, सिनेमा आला. व्हॉट्सॲपवर इथेच गोष्ट संपते.

पण नीट बघा. पाण्यातल्या कामगिरीत ती मुलं पहिली नव्हती, तिसरी होती. ती पुढे गेली परीक्षकांसमोरच्या मुलाखतीत आणि लेखी अहवालात. म्हणजे जिथे आमचा पोरगा 'असंच' म्हणाला, नेमकी तिथे. त्याआधी त्यांनी अनोळखी तज्ज्ञांना फोन करकरून शंका विचारल्या होत्या. सरावाच्या दिवशी यंत्राच्या पेटीत पाणी शिरलं तेव्हा ते लपवलं नाही. दुकानात जाऊन पाणी शोषायला टॅम्पॉन आणले आणि आत बसवले. किती आत्मविश्वास लागतो याला!

आणि जिंकल्यानंतर काय झालं? २००६ साली ॲरिझोनात मतदान होऊन असा कायदा झाला की कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी विद्यापीठात स्थानिकांच्या सवलतीची फी मिळणार नाही. त्या चौघांपैकी एकाला फीअभावी विद्यापीठ सोडावं लागलं. दुसरा, ओस्कार वास्केझ, इंजिनिअर झाला आणि कागदपत्रांसाठी त्याला आधी देश सोडून मेक्सिकोला परतावं लागलं. एमआयटीला हरवलं म्हणून दार उघडलं नाही. त्यामुळे 'एकदा आपली पोरं जिंकू द्या, मग बघा' असं जे आपण म्हणतो त्यातही फार दम नाही. व्यवस्थेशी भांडण वेगळं करावंच लागतं, ते रोबोट करणार नाही. पण पुढच्या वर्षी पिन ढिली राहू नये हे बघायला व्यवस्था बदलण्याची वाट बघायचीही गरज नाही.

राहिली दुसरी प्रतिक्रिया, 'खेळणी'. यावर आम्हाला राग येतो, लपवत नाही. यंत्राजवळ कुणी जायचं हा आपल्यासाठी कधीच खेळाचा प्रश्न नव्हता. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आपल्या थुंकीचा इतरांना विटाळ. जास्त मजुरीचं खातं तेच. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. यंत्र आलं म्हणून जात गेली नाही, ती धाग्याच्या टोकावर जाऊन बसली. पुढे १९४२ साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन सरकारला दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आहेत, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी असं मागितलं आहे. आमचे फिटर काका त्याच रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांनी पाना हातात देऊन शिकवलेल्या मुलांना 'खेळणी सोडा' म्हणणाऱ्यांनी ते निवेदन एकदा काढून वाचावं. एमपीएससी करूच नका असं आम्ही म्हणत नाही. खालच्या मजल्यावर वंदना आणि वरच्या मजल्यावर एमपीएससी, एवढ्यातच आपली विहारं संपू नयेत, इतकंच.

सध्याची स्थिती अशी. फ्लेक्स उतरवला आहे, म्हणजे पावसाने अर्धा फाटला तेव्हा उरलेला मुलांनीच काढला आणि त्याचं कापड रोबोट झाकायला घेतलं. चारही एन्कोडरच्या वायरी बसल्या आहेत. पुण्याकडच्या ज्या मुलाने वायर दिली होती, त्याच्याशी आमचा कोड लिहिणारा दर शनिवारी फोनवर बोलतो. 'त्यांच्याकडून कशाला शिकायचं' असं एकाने म्हटलं. पोराने उत्तर दिलं नाही, फोन चालू ठेवला. स्वयंचलित तीस सेकंदांत रोबोट आता दहापैकी सात वेळा जागेवर जातो. तीन वेळा जात नाही, आणि त्या तीन वेळा काय झालं ते वहीत लिहिलेलं असतं. वहीच्या पहिल्या पानांवर पंजा क्रमांक एक आणि पंजा क्रमांक दोन यांचे फोटो चिकटवले आहेत. सांडशी आईला परत केली नाही म्हणून घरी बोलणी बसली, तेही एका ओळीत आहे.

प्रश्न पैशाचा आहे. पुढच्या हंगामासाठी पैसे द्यायचे की नाही यावर विहार समितीत मतं निम्मी-निम्मी आहेत. येत्या पौर्णिमेला बैठक आहे. आम्ही मुलांनाच ती वही घेऊन समितीसमोर बसवणार आहोत, फसलेल्या पानांसकट. दोघा सदस्यांनी आताच सांगितलं आहे की अशी रडगाणी वाचून कोण पैसे देईल, जिंकल्याचं काहीतरी दाखवा. ड्रायव्हर म्हणते, तीन गुणांचं पान पहिलं दाखवू.

नागपुरातल्या वाचकांपैकी कुणी आयटीआय केलेलं असेल, वायरमन असेल, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत असेल, ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा रेल्वेत हाताने काम केलेलं असेल, तर रविवारी सकाळी दहानंतर या. काकांचे डोळे आता बारीक सोल्डरिंगला साथ देत नाहीत. दुसऱ्या बॅटरीसाठी २,३०० रुपये जमले आहेत. टी-शर्ट तेरा शिल्लक आहेत, कुणाला हवे असतील तर विकत देऊ.